खुणेची सायकल

माझी सासू तेरेसा हिला देवाने दोन डोळे दिले आणि दोन्ही संशयासाठी दिले. बर्फवाल्याने लादी दिली की ती लादी उलटीपालटी करून आत पोकळ नाही ना ते बघते. रिक्षावाला सुटे नाहीत म्हणाला की त्याला खिसा झाडायला लावते. शेजारच्या ज्युलीने वाटीभर कालवण पाठवलं, तर वाटी हातात घेण्याआधी विचारते, "आज काय काम हाय हिचा माज्याकडं?" मी लग्न करून वटारहून पाचूबंदरला आले तेव्हा पहिल्याच दिवशी तिने माझ्यासमोर एक मुशी, म्हणजे छोटा शार्क मासा, टाकली आणि कापायला सांगितली. मी वाडीवाल्यांची मुलगी, केळीचा घड कुठून कापायचा ते मला कळतं. मुशीने माझी पाचावर धारण बसली. आई, म्हणजे सासूच, म्हणाली, "तरी मना वाटलाच होता." काय वाटलं होतं, ते तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

मला तिचा राग येतो. तो लपवायची मला गरज वाटत नाही, कारण तिला तो ठाऊक आहे आणि तसा तिचा संशयही आहे. पण एक मान्य करावं लागेल. काही वर्षांपूर्वी पैसे दुप्पट करून देणारा एक गोड बोलणारा माणूस आमच्या बंदरावर येऊन गेला. घराघरातून त्याला पैसे मिळाले. आमच्या दारातून मात्र तो रिकाम्या हाताने परत गेला, कारण आईने त्याचे बूट बघितले आणि म्हणाली, "उन्हात फिरनाऱ्याचे बूट असे नसतात." तो माणूस पुढे गायब झाला तेव्हापासून आईचा शब्द बंदरावर प्रमाण. कुणाला फ्रिज घ्यायचा असो, कुणाच्या मुलीला स्थळ आलेलं असो, बायका तिला सोबत नेतात. तेरेसाबाय फसत नाही, असं सगळे म्हणतात. माझे सासरे व्हिक्टर ओट्यावर बसून जाळी विणतात आणि काहीच म्हणत नाहीत.

या बाईने साठीला टेकल्यावर सायकल घ्यायची ठरवली, आणि त्याला कारण होते रिक्षावाले. आई सकाळी मासळी घेऊन वसई गावातल्या कॉम्प्लेक्सांमध्ये फिरते. टोपली बघितली की रिक्षावाले मान वळवतात. थांबला तर म्हणतो, सीटला वास लागतो, वरचे पैसे द्या. एका सकाळी अशाच एकाने तिला अर्ध्या रस्त्यात उतरवलं. त्या दिवशी तिने घरी येऊन जाहीर केलं की यापुढे ती कुणाच्या चाकावर बसणार नाही. माझा नवरा जोएल हसला. मी हसले नाही, कारण ती बोलली की करते हे मला तोवर कळलं होतं.

सायकल येत नव्हती ही अडचण तिने आधी सोडवली. सगळे जसे शिकतात तशी ती शिकणार नव्हती. शिकवणारा मागून सीट धरतो आणि नकळत सोडून देतो, हे तिने ऐकलं होतं आणि तिच्या मते ही सरळ सरळ फसवणूक होती. म्हणून तिने कुणालाच सीट धरू दिली नाही. गाऊनखाली जोएलची ट्रॅकपँट चढवून, ज्युलीच्या मुलीची सायकल घेऊन ती धक्क्याजवळच्या उतारावर जायची, पाय जमिनीवर घासत खाली यायची, परत ढकलत वर न्यायची. तिच्या टाचा सोलून निघाल्या. मग एक दिवस पाय वर उचलले आणि सायकल चालली. ती खाली पोहोचली तेव्हा मागे वळून बघितलं, कुणी धरलं तर नाही ना म्हणून.

मग निवड. पैसे बेताचे होते. स्टेशनजवळच्या दुकानात गेलो तर तिथल्या पोराने गिअरची एक सायकल एका बोटावर उचलून दाखवली. "आंटी, एकदम हलकी है." आईने किंमत विचारली आणि मग मोठी काळी सायकल दाखवून तिची विचारली. ती निम्म्याला होती.

"हलकी हाय तर पैशे जास्ती कशे?" आईने विचारलं. "आमच्याकडं वजन वाढला की भाव वाढतो."

पोराने तिला अॅल्युमिनियम समजावून सांगायचा प्रयत्न केला. पालथ्या घड्यावर पाणी. बाहेर पडताना ती मला म्हणाली की हवेचे पैसे घेतात हे लोक. त्यानंतर बोळिंजला एका इमारतीत एकजण मुलाची जवळजवळ नवी सायकल विकत होता. आईने ती मासळी बघते तशी बघितली. टायर अंगठ्याने दाबला, चेन बोटाने उचलून वास घेतला. सायकलीत खोट निघाली नाही तेव्हा ती मालकाकडे वळली. इतकी चांगली आहे तर विकतो कशाला? मुलगा उंच झाला म्हणे. मुलाला बोलावून घ्या म्हणाली. मुलगा आला, खरंच उंच होता. तरीही तिने सायकल घेतली नाही. मी लिफ्टमध्ये तिच्याशी बोलले नाही.

शेवटी आम्ही हरेश्वरकाकांकडे गेलो. पापडीच्या रस्त्याला पत्र्याची शेड टाकून ते बसायचे. खाडीकाठच्या भातशेतीवाल्या घरातले, शेतीवर भागेना म्हणून सायकलींकडे वळलेले. वालीवच्या कारखान्यांतले कामगार गावी परत जाताना सायकली मागे टाकून जातात, त्या भंगारवाल्याकडे येतात. हरेश्वरकाका तिथून फ्रेम, चाकं, हँडलं निवडून आणायचे आणि गिऱ्हाईकाच्या ऐपतीप्रमाणे एकाचं धड, दुसऱ्याचे पाय असं करून नवी सायकल उभी करायचे. वॉचमन, पाववाले, इस्त्रीवाले, सगळे त्यांच्याकडचीच सायकल चालवत.

आईने पहिला प्रश्न विचारला, "चोरीचा माल तर नाय ना?"

काकांनी पाना खाली ठेवला. मला वाटलं आता हा माणूस आम्हाला हाकलणार. पण ते हसले. "तेरेसाबाय ना तू? पाचूबंदरची? तुजं नाव आयकलंय मी. बस. आधी सामान बघ, मंग मना शिव्या दे."

त्यांची एक पद्धत होती. गिऱ्हाईक आलं की ते गोणपाट अंथरायचे आणि त्यावर प्रत्येक वस्तूचे दोन-तीन नमुने मांडायचे: दोन-तीन हँडलं, दोन-तीन स्टँड, कॅरिअर, मडगार्ड. यातलं पसंत कर, म्हणायचे, राहिलेलं परत फळीवर. आईला हे आवडलं. तिने काय काय निवडलं ते बोटाने दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी जोडणी सुरू करायची ठरली. पण घरी येताच तिच्या डोक्यात किडा वळवळला. मेकॅनिक लोक चांगला पार्ट काढून रद्दी पार्ट घालतात, असं तिने ऐकलेलं होतं. तिने होडीच्या रंगाचा डबा शोधायला सुरुवात केली.

आता हे आमच्या बंदरावरचं सांगायला हवं. जाळ्याला बांधलेले तरंगते बोये कधी कधी तुटून वाहून जातात. ते ज्याला सापडतील त्याने ज्याचे त्याला परत द्यायचे असतात, म्हणून प्रत्येक घराची बोयांवर रंगाची खूण असते. आमच्या घराची लाल पट्टा आणि त्यावर दोन पांढरे टिपके. हंगामाआधी किनाऱ्यावर ज्याने त्याने आपापली ताडपत्री अंथरायची आणि तिच्यावर पसरलेलं सगळं रंगवून काढायचं. दुसऱ्याची वस्तू कुणी आपल्या ताडपत्रीवर ठेवत नाही आणि आपली दुसऱ्याच्या ताडपत्रीवर कुणी टाकत नाही. जे माझ्यासमोर पसरलं ते माझं. लहान मुलालाही हे कळतं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर होते. आई रंगाचे डबे आणि कुंचला घेऊन एकटीच शेडवर गेली. काका तिला गोणपाटावर कालपासून तसंच मांडलेल्या सामानासमोर बसवून चाकांचे छर्रे, म्हणजे बेअरिंगच्या गोळ्या, आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेले. संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिची बोटं लाल होती आणि चेहऱ्यावर अशी शांती होती की मी ती नाताळच्या मध्यरात्री चर्चमधल्या मिसेलाही बघितलेली नाही. "आता बदलू दे काय बदलायचा तो," ती म्हणाली.

सायकल आली. लेडीज फ्रेम, दूधवाल्याचं रुंद कॅरिअर, पुढे पाववाल्याची जाळी. एक रिम चकचकीत, दुसरी तांबूस. पुढच्या मडगार्डवर, हँडलवर, कॅरिअरवर, स्टँडवर आमची लाल खूण. बाहेरून बघणाऱ्याला हसू यावं अशी सायकल, पण चालायला लोण्यासारखी. आई टोपली मागे बांधून घंटी वाजवत निघायची आणि रिक्षास्टँडवरून मुद्दाम सावकाश जायची. कॉम्प्लेक्समधल्या बायका गॅलरीतून फोटो काढायच्या. मी तिला इतकी खूश कधी बघितलेली नव्हती, आणि खरं सांगते, मला तिचा अभिमान वाटायचा.

खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. म्हणून ती वरचेवर शेडवर तेलपाण्याला जायची. तिथे दोघांची चांगली जुंपायची. ती समोर बसून डोळ्यात तेल घालून बघायची आणि काका विचारायचे, "बोल तेरेसाबाय, आज काय चोरू?" ती म्हणायची, "घंटी सोडून काय पन चोर, घंटी जोएलनं आनलेली हाय." हरेश्वरकाका बाहेरचा एकमेव माणूस, ज्याच्या हातचा चहा ती वास न घेता प्यायची. आणि तिच्यामुळे त्यांना गिऱ्हाईक मिळालं. तेरेसाबायने जिथून सायकल घेतली तिथे डोळे मिटून घ्यावी, म्हणून बंदरावरच्या बायका त्यांच्याकडे जाऊ लागल्या. मासळी विकणाऱ्या आणखी काहीजणी सायकलीवर आल्या.

मग पापडीच्या बाजारात तिला भूपेश दिसला. भूपेश पार्सलं पोचवणारा मुलगा, आमच्या गल्लीतही येतो. त्याने सायकल स्टँडवर लावली आणि आईची नजर स्टँडवर गेली. लाल पट्टा. दोन पांढरे टिपके.

तिने आपली सायकल आडवी केली आणि स्टँड बघितला. त्यावर काही नव्हतं. गंज होता, रंग नव्हता.

हे सगळं मला ज्युलीने सांगितलं, कारण ती तिथेच करंदी विकत होती. ज्युली म्हणते, तेरेसाबायचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल. भूपेशला विचारलं, सायकल कुठची? तो म्हणाला, हरेश्वरकाकांकडची. बस्स. आई तशीच शेडवर गेली आणि मागून बाजारातल्या बायका. तिथे चार गिऱ्हाइकं उभी होती. आईचा आवाज किनाऱ्यावरून होडीतल्या माणसाला हाक मारायचा आवाज आहे, तो रस्त्यापलीकडे गेला. चोर. मी तुझ्या हातचा चहा प्यायले. माझा स्टँड काढलास आणि दुसऱ्याला विकलास.

काका म्हणाले, "बाय, तो रंग तूच लावलास."

"माजाच रंग हाय ना? मंग माजा रंग त्याच्या सायकलीला कशा?"

"अगं, गोनपाटावरच्या सगल्या..." त्यांनी सांगायला सुरुवात केली, पण तोवर मागच्या बायकांनी आपापल्या सायकली तपासायला घेतल्या होत्या आणि प्रत्येकीला काही ना काही बदललेलं वाटत होतं. एकीची सीट आधी मऊ होती. एकीची चेन लांब होती. काका एकदा आईकडे, एकदा त्या घोळक्याकडे बघत राहिले आणि मग वाक्य अर्धंच टाकून कामाकडे वळले. ज्युली मला हे हसत हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. तेरेसाबाय म्हणाली म्हणजे खरं, एवढं एकच वाक्य त्या माणसाचा धंदा बुडवायला पुरेसं होतं, हे मला त्याच वेळी दिसलं.

तसंच झालं. बंदरावरच्या बायका पंक्चर काढायलाही दुसरीकडे जाऊ लागल्या. पाववाल्यांनी ऐकलं, त्यांनी इस्त्रीवाल्यांना सांगितलं. जुनी सायकल जोडणाऱ्याकडे विश्वासाशिवाय असतं काय? चाकाच्या आतला एक छर्रा कोण उघडून बघतो? थोड्याच दिवसांत शेडला कुलूप दिसलं. आई म्हणाली, "बघ, पललाच." मी विचारलं, "आणि खोटं निघालं तर?" ती म्हणाली, "तू त्याच्या बाजूनं कनाला बोलतंस?"

मी वालीवला प्लॅस्टिकची बुचं बनवणाऱ्या एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. गेटच्या आत कामगारांच्या सायकली लावलेल्या असतात. आयुष्यात मी त्यांच्याकडे कधी बघितलं नव्हतं. पण घरात रात्रंदिवस तोच विषय, म्हणून बघितलं. आमच्या वॉचमनच्या सायकलीच्या हँडलवर लाल पट्टा आणि दोन पांढरे टिपके होते. मी थबकले. मग रांगेतून पुढे गेले. पॅकिंगमधल्या एकाच्या सायकलीवर तोच पट्टा, तोही हँडलवरच.

आईच्या सायकलीच्या हँडलवरही खूण होती. रोज सकाळी मी ती बघत होते. एका सायकलीला हँडल एकच असतं, एवढं कळायला मेकॅनिक लागत नाही.

वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, पहिल्यापासूनच आहे. मला वाटलं कंपनीचा मार्का असेल."

त्या संध्याकाळी जेवताना मी हे सांगितलं.  आईने विचारलं, "हरेश्वर तुना कुठं भेटला?"  मी ओरडणार होते. पण ओट्याजवळून माझ्या सासऱ्यांचा आवाज आला, जो सहसा येत नाही. ते म्हणाले, "तिच्यावर विश्वास नाय ना तुजा? मंग जाऊन बघ."

ती गेली. रिक्षाने नाही, सायकलीने, वसईचा पूल चढून पूर्वेला. मी गेटवर वाट बघत होते. घामाने डबडबलेली आली, सायकल लावली, तिन्ही हँडलं एकमेकांशेजारी आणून उभी केली. वाकून रंग नखाने खरवडला, वास घेतला. होडीचाच रंग, तिच्याच हाताचे टिपके. तिचा दुसरा टिपका नेहमी जरा खाली घसरतो. मग ती गेटशेजारच्या कठड्यावर बसली.

"गोनपाटावरचा सगला मीच रंगवला," ती म्हणाली. "किती हँडलं ते मोजला नाय. मना वाटला, माज्यासमोर पसरला तो माजाच. नि माज्या स्टँडचा रंग गंजानं खाल्ला."

जगातल्या एकूण एक माणसावर तिने संशय घेऊन झाला होता. एकच माणूस तिच्या तावडीतून सुटला होता आणि तो आता कठड्यावर बसला होता. मला तिची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला. तिने वॉचमनकडून पाणी मागून घेतलं आणि न बघता प्यायली.

रविवारी ती पापसंगीर करायला, म्हणजे फादरपुढे पापाची कबुली द्यायला गेली, पण आपल्या चर्चमध्ये नाही, दुसऱ्या गावच्या. फादरवरही पूर्ण भरवसा नको, असं तिचं म्हणणं. आत काय झालं ते मला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी पापडीच्या बाजारात तिने टोपली खाली ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की हरेश्वरने चोरी केलेली नाही, रंग तिनेच चुकीने लावला होता, आणि तिने त्याच्यावर खोटा आळ घेतला.

मी रजा घेऊन तिथे उभी होते. मला वाटलं होतं, आता बायका हळहळतील.  पण ज्युली म्हणाली, "तू आनि चुकलीस? खरा सांग तेरेसाबाय, त्यानं तुना काय दिलान?"

बाकीच्या हसल्या. नवी सायकल दिली असेल, एक म्हणाली.  संशयाची ती शिकवण त्यांना आईनेच दिली होती, गेली कित्येक वर्षं, रोज सकाळी, याच बाजारात. चोर म्हटलेलं एका दमात पटलं होतं. चोर नाही म्हटलेलं पटायला कुणी तयार नव्हतं.

तेव्हा ती काकांच्या घरी गेली आणि मला सोबत नेलं. घर खाडीच्या बाजूला, पुढे अंगण, अंगणात उलट्या करून ठेवलेल्या सायकलींच्या फ्रेमी. त्यांची बायको कृष्णाबाई दारात आली. तिने पाणी आणून दिलं, पण आत या म्हणाली नाही. काका मागून आले. ते वाळले होते.

आईने जे बाजारात सांगितलं ते परत सांगितलं. तिचा आवाज त्या अंगणातही पुरला नाही.

"तवाच इचारायला पायजे होता मी," काका म्हणाले. "दुकानातून छर्रे घेऊन आलो, बगतो तर सगल्या सामानाला लाल पट्टे नि सफेद टिपके. आमी नव्या गाडीला हलद-कुंकू लावतो ना, तसा तुमचा काय तरी आसंल, आसा वाटला. घरी येऊन हिना सांगितला, त्या कोळनीनं माज्या सगल्या मालाला चांगलं म्हटलंय. म्हनून पुसला नाय. फलीवर तसाच ठेवला, तसाच इकला."

कृष्णाबाईने रिकामा तांब्या उचलला आणि आत गेली. आई अंगणात उभ्या उभ्या रडली. मी तिला रडताना पहिल्यांदा बघितलं. मला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला आणि मी ठेवला.

काकांनी शेड पुन्हा उघडली. राग नाही म्हणाले, झालं गेलं गंगेला मिळालं. आईने ठरवलं की बायका तोंडी सांगून ऐकत नसतील तर डोळ्यांनी बघतील. भर बाजाराच्या वेळी ती शेडवर जाऊन बसायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी, सायकल काकांच्या हवाली करून. त्याचा उपयोग झाला. आधी पाववाले परतले, मग बंदरावरची एखादी.

पहिल्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. मागच्या चाकातून करकर येत होती. आईने सायकल पुढे केली आणि मुद्दाम रस्त्याकडे तोंड करून बसली, कामाकडे पाठ करून. तसं ती आयुष्यात कुणाकडे बसलेली नव्हती.

"इकडं तोंड करा," काका म्हणाले. "पुढं बसा. नि पोरी, तू फोटो काढ. उघडायच्या आधीचा."

ते तिला "करा", "बसा" म्हणत होते. मी फोटो काढला. आई म्हणाली, "नको रे हरेश्वर. तू कर तुजा काम."

"नाय, बगा. आता मी सगल्यांनाच दाखवतो."

त्यांनी चाक उघडलं. ग्रीसमधून पहिला छर्रा चिमटीत काढला, फडक्याने पुसला आणि तळहातावर ठेवून तिच्या डोळ्यांसमोर धरला. "हा तुमचा. बगितला?" मग तो ताटलीत ठेवला आणि दुसरा काढला. रस्त्यावरून बाजारच्या बायका जात होत्या, एकदोघी थांबल्या. आई परत म्हणाली, नको दाखवूस. काकांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. कसं करायचं ते शिकून घेतलेल्या माणसासारखे ते एकेक छर्रा पुसत होते, धरत होते आणि ती हो म्हणेपर्यंत हात मागे घेत नव्हते. ती प्रत्येक वेळी हो म्हणाली.